कुनिसाकीचे ओनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या कुनिसाकी द्वीपकल्पाबद्दल आणि तिथल्या ओनींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, खाचाखोचा पुढे आहेत. एकदा सांगून झालेलं पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. ओनी म्हणजे राक्षसच ना?

अर्धं बरोबर. चित्रातला ओनी ओळखायला सोपा आहे. डोक्यावर शिंगं, तांबडं किंवा निळं अंग, कमरेला वाघाचं कातडं, हातात काटेरी लोखंडी गदा. पण हे रूप उशिरा आलं. दहाव्या शतकातल्या एका जपानी कोशात 'ओनी' शब्दाचं मूळ 'ओन्', म्हणजे 'दडलेलं', असं दिलं आहे. मूळचा ओनी दिसतच नसे. साथ आली, धडधाकट माणूस बसल्या जागी गेला, रानात गेलेला परतलाच नाही, की ते ओनीचं काम. त्याच्यासाठी वापरतात त्या चिनी अक्षराचा चीनमधला अर्थ आहे मेलेल्याचं भूत. पुढे बौद्ध ग्रंथांबरोबर आपल्याकडचे यक्ष, राक्षस, प्रेत चीनमार्गे तिथे पोचले, नरकात पाप्यांना छळणारे यमदूतही पोचले, आणि हे सगळे एकाच शब्दात राहायला आले.

शिंगं आणि वाघाचं कातडं कुठून आलं याचं नेहमीचं स्पष्टीकरण दिशांचं आहे. जुन्या दिशामापनात ईशान्येला 'बैल-वाघ' म्हणत, आणि अशुभ त्याच दाराने येतं असा समज होता. म्हणून बैलाची शिंगं नि वाघाचं कातडं. आपल्याकडे ईशान्य कोपरा देवघराचा, हे इथे गमतीनं आठवतं.

'राक्षस' म्हटलं की मराठी माणसाला बकासुर दिसतो. कुनिसाकीतला ओनी त्या साच्यात बसत नाही, म्हणून या पानावर मूळ शब्दच ठेवला आहे.

२. कुनिसाकी कुठे आहे?

क्यूशू बेटाच्या ईशान्य टोकाला, ओइता प्रांतात. नकाशावर पाहिलं तर समुद्रात टाकलेल्या भाकरीसारखा जवळजवळ गोल तुकडा दिसतो. व्यास सुमारे ३० किलोमीटर. मधोमध फुतागो डोंगर, उंची ७२१ मीटर. हा जुना, झिजलेला ज्वालामुखी. त्याच्या माथ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या दऱ्या समुद्राकडे उतरतात. परंपरेने त्या २८ मोजतात. आज द्वीपकल्पाचा मोठा भाग बुंगो-ताकादा आणि कुनिसाकी या दोन नगरपालिकांमध्ये विभागलेला आहे. 'नगर' म्हणायचं एवढंच, आत गेलात की भातखाचरं, कडे आणि शांतता.

या दऱ्या नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

३. रोकुगो मानझान हे एका देवळाचं नाव आहे का?

नाही. 'रोकुगो' म्हणजे सहा परगणे (कुनावा, ताशिबु, इमि, कुनिसाकी, आकि, मुसाशि) आणि 'मानझान' म्हणजे डोंगरभर. या सहा परगण्यांतल्या डोंगरदऱ्यांत पसरलेल्या मठ-मंदिरांचं मिळून ते नाव आहे. पंथ तेंदाई, ज्याचं मुख्य पीठ क्योतोजवळच्या हिएइ डोंगरावर आहे. पण पंथाचं नाव सांगून काम भागत नाही. इथला धर्म कड्यांतल्या गुहांत बसून तप करणाऱ्यांचा, शेजारच्या उसा इथल्या हाचिमान देवाचा आणि गावच्या जुन्या डोंगरदेवांचा असा तिहेरी वळलेला पीळ आहे.

४. ही सगळी मंदिरं ७१८ साली निनमोन नावाच्या एकाच माणसाने बांधली, हे खरं का?

परंपरा तसं सांगते: निनमोन बोसात्सु (बोसात्सु म्हणजे बोधिसत्त्व) याने ७१८ साली २८ मठ स्थापले आणि ६९ हजारांहून अधिक बुद्धमूर्ती घडवल्या. आता हे आकडे उलगडून बघा. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी भाषांतराची प्रकरणं २८. त्यातली अक्षरं परंपरेने मोजतात ६९,३८४. म्हणजे एका प्रकरणाला एक मठ, एका अक्षराला एक मूर्ती. हा बांधकामाचा हिशोब नव्हे. अख्खं द्वीपकल्प म्हणजे दगडमातीत लिहिलेलं सूत्र आहे असं त्यातून सांगायचं आहे. दऱ्या २८ मोजतात, यामागेही हाच हट्ट असावा असं मला वाटतं.

इतिहासकार निनमोनला एक ऐतिहासिक व्यक्ती म्हणून धरत नाहीत. स्थानिक श्रद्धेत तो हाचिमान देवाचाच अवतार मानला जातो. २०१८ साली १३०० वर्षं साजरी झाली ती या परंपरेच्या तारखेवरून.

५. शुज्यो ओनिए हा नेमका काय विधी आहे?

नावातच तीन गोष्टी आहेत. 'शुज्यो' म्हणजे वर्षारंभी मागच्या वर्षीचे दोष सुधारून नवं वर्ष नीट लावून घेणं. हा मोठ्या बौद्ध मंदिरांतला जुना विधी. 'ओनी' म्हणजे ओनी. 'ए' म्हणजे सभा, मेळा. त्यात खेड्यांतला अग्नीचा उत्सव मिसळला.

काळ जुन्या चांद्र पंचांगातल्या पहिल्या महिन्याचा पहिला आठवडा. बुंगो-ताकादातल्या तेन्नेनजी मंदिरात सप्तमीला. बहुतेक वर्षी ही आपली रथसप्तमीच पडते, थंडी मात्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. कुनिसाकी बाजूला इवातोजी आणि ज्योबुत्सुजी ही दोन मंदिरं आळीपाळीने, एका वर्षी हे, एका वर्षी ते, असा विधी करत आली आहेत. एके काळी रोकुगो मानझानच्या बहुतेक मंदिरांत (परंपरेने ती ६५ मोजतात) तो होत असे, उरली ती ही तीन. १९७७ साली सरकारने त्याला महत्त्वाचा अमूर्त लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदवलं.

दिवसा भिक्षूंचं सूत्रपठण चालतं. मशाली वाहणारी गावची माणसं गोठवणाऱ्या नदीत उतरून अंग शुद्ध करतात. अंधार पडल्यावर प्रचंड मशाली पेटतात, एकेक उचलायला कित्येक माणसं लागतात, आणि त्या एकमेकींवर आपटल्या की ठिणग्यांचा पाऊस पडतो. मग सभागृहात दोन भिक्षू हातात काठ्या घेऊन लयीत पावलं टाकतात, उड्या मारतात. पठण करणारा हाच भिक्षू आता नाचतो आहे, हे पाहून पहिल्यांदा येणारे चक्रावतात.

त्यानंतर येतात 'सुझुओनी', एक पुरुष, एक स्त्री, माणसासारख्या शांत चेहऱ्यांचे. ते खऱ्या ओनींना बोलावणं धाडतात. आणि मग ओनी. तांबडा ओनी अरिष्ट झाडून काढणारा, तो आइझेन म्योओ या देवतेचं रूप. काळा ओनी दांडगा, तो फुदो म्योओचं. अंगाला दोरखंड आवळलेले, एका हातात जळती मशाल, दुसऱ्यात शस्त्र. गावकरी त्यांना कमरेला धरून सभागृहात गरागरा फिरवतात, सोबत उड्या मारतात. लाकडी जमीन धडधडते, धूर डोळ्यांत जातो. 'ओनीचे डोळे' नावाचे चिकट भात कुटून केलेले गोळे, म्हणजे मोची, गर्दीत फेकले जातात आणि ते मिळवण्यासाठी झुंबड उडते. शेवटी ओनी जमलेल्यांच्या पाठीवर, खांद्यावर मशाल हाणतात. वर्षभर दुखणंखुपणं येत नाही अशी श्रद्धा.

इवातोजीकडच्या प्रथेत ओनी इथेच थांबत नाहीत. रात्री ते गावात निघतात आणि घरोघर जातात. घरातल्या देव्हाऱ्यासमोर, जिथे पूर्वजांचीही स्थानं असतात, ते प्रार्थना करतात. मग यजमान त्यांना जेवू घालतात, साके पाजतात. माझ्या मते सगळ्या विधीचा गाभा मशालीत नाही, या जेवणात आहे.

६. बाकी जपानमध्ये दाणे मारून ओनीला हाकलतात. इथे जेवायला का घालतात?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी घराघरांत भाजलेले सोयाबीन फेकत ओरडतात: 'ओनी वा सोतो, फुकु वा उचि', ओनी बाहेर, भाग्य आत. त्यामागे दरबारातला 'त्सुइना' हा विधी आहे. ७०६ साली साथीच्या वेळी तो झाल्याची नोंद आहे. चार सोनेरी डोळ्यांचा मुखवटा घातलेला माणूस अदृश्य ओनींना पिटाळत असे. पुढच्या काही शतकांत मात्र गंमत झाली. लोकांना ओनी दिसत नव्हते, दिसत होता तो भयानक मुखवट्याचा माणूस. हळूहळू तोच ओनी ठरला आणि लोक त्याच्याच मागे लागले.

कुनिसाकीने या गोंधळातून वेगळा रस्ता काढला. इथे ज्याचं रूप भयंकर तोच अरिष्ट घालवणारा, हे मूळ नातं टिकलं. त्यावर बौद्ध विचाराचा मुलामा चढला. फुदो म्योओ, म्हणजे संस्कृतमधला अचल, हा मुळातच उग्र आहे. दात विचकलेले, हातात तलवार नि पाश, मागे ज्वाळा. करुणाच रागाचं रूप घेते, असं त्याचं तत्त्वज्ञान. तो जर असा दिसतो, तर ओनीने तसं दिसण्यात वावगं काय? शिवाय वर्षारंभी डोंगरातून उतरणारे ते आपलेच पूर्वज, ही गावची जुनी समजूत. पाहुण्याला कोणी दाणे मारत नाही.

सगळ्या जपानमध्ये कुनिसाकीच एकटं आहे असं समजू नका. योशिनोच्या किंपुसेनजी मंदिरात सेत्सुबुनला 'ओनीही आत' असं म्हणतात. प्रश्न १२ पाहा.

७. मुखवट्यामागे कोण असतं?

तेन्नेनजीत भिक्षू. म्हणजे ज्याने दुपारी सूत्र म्हटलं, तोच रात्री ओनी. नट किंवा भाड्याने आणलेले कलाकार नसतात. मुखवटा चढला की तो माणूस राहत नाही असं मानतात, आणि त्याला आवरायला गावकरी कमरेशी असतात ते त्यासाठीच.

८. ओनीने एका रात्रीत ९९ पायऱ्या बांधल्या, ती गोष्ट काय आहे?

जागा: बुंगो-ताकादातल्या ताशिबु भागातले कुमानो मागाइबुत्सु, म्हणजे कड्यात कोरलेले बुद्ध. तिथे चढून जायला ओबडधोबड दगडांचा उभा जिना आहे. कडेचा आधार न घेता चढणारे थोडेच.

कथा अशी. एक तांबडा ओनी डोंगरात आला आणि त्याला माणसं खायची चटक होती. कुमानो गोंगेन या देवाने अट घातली: एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत, शंभर पायऱ्या रच. जमलं तर माणसं खा. नाही जमलं तर तुझाच जीव जाईल. हे काही त्याच्याने होत नाही अशी देवाची अटकळ. पण ओनी भराभर दगड आणून रचू लागला. नव्याण्णव झाल्या. शंभरावा दगड खांद्यावर घेऊन तो डोंगर चढत होता. देवाचं धाबं दणाणलं. त्याने स्वतःच कोंबड्यासारखी बांग दिली. पहाट झाली समजून ओनी त्या दगडासकट पळाला.

देव उघडउघड लबाडी करतो, आणि गोष्ट सांगणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मला ही गोष्ट आवडते ती त्यासाठीच. ओनीने कामात कुठेही कसूर केलेली नाही. नव्याण्णव पायऱ्या चोख आहेत, आणि आज भाविक बुद्धाकडे चढतात ते त्या नरभक्षकाच्या कष्टांवरून.

वर पोचल्यावर डावीकडे फुदो म्योओ, सुमारे ८ मीटर उंच. उजवीकडे दाइनिची न्योराइ, म्हणजे वैरोचन, जवळजवळ ७ मीटर. हेइआन काळाच्या (७९४ ते ११८५) उत्तरार्धातलं काम. फुदोचा चेहरा मुद्दाम निरखून बघा. जो सर्वांत रागीट असायला हवा, तो इथे गालातल्या गालात हसतो आहे.

९. म्हणजे एकच ओनी माणसं खातो आणि आशीर्वादही देतो? हे विसंगत नाही का?

विसंगत आहेच, कारण ते दोन वेगळे ओनी आहेत. पायऱ्यांचा ओनी लोककथेतला: बाहेरून आलेला, दांडगा, भोळा. मशालीचा ओनी विधीतला: देवतेचं रूप, घरचा पाहुणा. पर्यटनाच्या माहितीत दोघांना एका ओळीत बसवतात. २०१८ साली 'जपानचा वारसा' म्हणून या भागाची निवड झाली तेव्हाचं शीर्षकच होतं 'ओनी जिथे बुद्ध झाला ते गाव, कुनिसाकी'. शीर्षक झकास आहे, पण त्यामुळे वाटतं की एक दुष्ट ओनी होता आणि तो सुधारला. अशी कथा तिथे कोणी सांगत नाही. पायऱ्यांचा ओनी सुधारत नाही, फसवला जातो. मशालीच्या ओनीला सुधारायची गरजच नाही.

दोघांत साम्य एवढंच की दोघांकडूनही गाव काम करून घेतं.

१०. दंतकथा आणि विधी 'जागा घडवतात' असं म्हणतात. प्रत्यक्षात कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर भूगोलापासून सुरू करावं लागतं. ज्वालामुखीच्या राखेचा आणि दगडगोट्यांचा थर झिजून इथे उभे कडे, सुळके आणि कपारी तयार झाल्या. एका दरीतून शेजारच्या दरीत जायचं तर खडा डोंगर ओलांडायचा. त्यामुळे प्रत्येक दरी आपापलं जग: खाली समुद्र, मधे भातखाचरं आणि वस्ती, वर कड्याला चिकटलेलं मंदिर. मंदिराचा सर्वांत पवित्र भाग बहुतेकदा कपारीतच असतो. ओनी जिथून येतो आणि भिक्षू जिथे तप करतो ती जागा एकच, गावाच्या डोक्यावरची कपार. विधीच्या रात्री मशाली त्या वरच्या जगाला खालच्या घरांशी जोडतात. वाट ठरलेली, घरांचा क्रम ठरलेला. वर्षातून एकदा गाव स्वतःची हद्द पायांनी मोजून घेतं म्हणा ना.

तेन्नेनजीचंच बघा. समोर नागाइवाया नदी. तिच्या पात्रातल्या एका मोठ्या खडकावर फुदो कोरला आहे. पूर येऊ नये म्हणून कोरला अशी परंपरा आहे. मागे दातेरी कडा आणि त्याच्या अगदी माथ्यावर, दोन सुळक्यांच्या मधे, एक छोटा दगडी पूल. नाव 'मुम्यो-बाशी', म्हणजे अविद्येचा पूल. श्रद्धा नसलेला माणूस त्यावरून पडतो असं म्हणतात. खाली पाहिलं की श्रद्धावानाचेही पाय लटपटावेत. सगळ्या मंदिरांना जोडणारी 'मिनेइरि' नावाची डोंगरयात्रा काही वर्षांच्या अंतराने होते, तेव्हा भिक्षू अशाच वाटांनी जातात.

आता खाली शेतात या. ताशिबुची जमीन मध्ययुगात उसा इथल्या हाचिमान देवस्थानाची होती. आपल्याकडच्या इनाम गावांची कल्पना केलीत तर अर्थ चटकन कळेल. ओसाकी वस्तीत खाचरांच्या वेड्यावाकड्या कडा आणि पाटांची मांडणी अजून त्या काळाशी जुळते, आणि २०१० साली तिला महत्त्वाचं सांस्कृतिक भूदृश्य म्हणून संरक्षण मिळालं. इथे पाऊस जपानच्या मानाने कमी, जमीन पाणी धरत नाही, नद्या आखूड. म्हणून तळी खणून एकमेकांना जोडली. द्वीपकल्प आणि उसा मिळून अशी सुमारे १,२०० तळी आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला कुनुगि ओकची राई, तिच्या ओंडक्यांवर शिताके अळंबी. २०१३ साली या व्यवस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हटलं.

तळी ओनीने खणली नाहीत, हे उघड आहे. पण पाणी दरीच्या माथ्यावरून येतं, आणि माथा मंदिराचा व ओनीचा. जिथे रोजचं पाणी वरच्यांच्या हाती असतं, तिथे वर्षारंभी वरच्याला घरी बोलावून जेवू घालणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे.

११. ही बौद्ध मंदिरं आहेत की शिंतो? फोटोत दोन्ही दिसतं.

दोन्ही. शिंतो म्हणजे जपानच्या मूळच्या देवांचा धर्म. उसा जिंगू, म्हणजे उसा इथलं हाचिमान देवस्थान, याची स्थापना ७२५ ची मानतात. त्याच्याच आवारात मिरोकुजी, म्हणजे मैत्रेयाचं मंदिर होतं. ७४९ साली नाराच्या महाबुद्धाच्या कामाला हाचिमान देव इथून पालखीतून गेला. देव आणि बुद्ध एकच, रूप वेगळं, हा विचार इथे इतका मुरला की वर कथेत आलेला 'गोंगेन' हा शब्दच 'देवरूपाने प्रकटलेला बुद्ध' अशा अर्थाचा आहे.

१८६८ साली मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला. मिरोकुजी पाडलं गेलं, आज तिथे जोत्याचे दगड आहेत. डोंगरातल्या गावांत हुकूम पोचला, पण भिंत बांधायची कुठे? तेन्नेनजीत आजही मंदिराचं सभागृह आणि शिंतो देऊळ खेटून उभे आहेत, आणि ओनी कोणत्या बाजूचा हे विचारलंत तर समोरचा नुसता हसेल.

१२. ओनींच्या नावावर घडलेली आणखी गावं आहेत का?

बरीच. तीन सांगतो, कारण तिन्हींत ओनींचं पुढे जे झालं ते वेगवेगळं आहे.

नारा प्रांताच्या दक्षिणेला ओमिने डोंगरात झेंकि नावाची वस्ती आहे. डोंगरात तप करणाऱ्यांच्या शुगेंदो पंथाचा आद्य तपस्वी एन नो ग्योजा याने झेंकि आणि गोकि या ओनी नवरा-बायकोला वश करून सेवक केलं, आणि त्यांच्या पाच मुलांनी इथे यात्रेकरूंसाठी पाच धर्मशाळा काढल्या, अशी कथा आहे. त्या घराण्यांच्या आडनावांत 'पाच ओनी' ही अक्षरं आहेत. १८७२ साली शुगेंदोवर बंदी आली, यात्रेकरू आटले, आणि आता पाचांपैकी एकच धर्मशाळा उरली आहे. ओनीचे वंशज म्हणवून घेण्यात तिथे कमीपणा नाही, तीच त्यांची वतनदारी.

नागानो प्रांतात किनासा आहे. नाव लिहितात त्या अक्षरांचा अर्थ 'ओनी नसलेलं गाव'. सम्राटाने इथे राजधानी करायचा विचार केला, तेव्हा ओनींनी ती टाळायला एका रात्रीत मधोमध डोंगर रचला. मग त्यांचा बीमोड झाला आणि गावाला हे नाव पडलं. तो डोंगर अजून इचियायामा, 'एका रात्रीचा डोंगर', म्हणून ओळखतात. तिथलीच मोमिजी ही ओनीण बाहेरच्या कथेत खलनायिका. गावातल्या कथेत मात्र ती राजधानीतून हद्दपार होऊन आलेली, औषधपाणी जाणणारी खानदानी बाई.

फुकुशिमा प्रांतातल्या निहोनमात्सु इथे आदाचिगाहारा. प्रवाशांना मारून खाणाऱ्या म्हातारीला युकेइ नावाच्या भिक्षूने कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, कृपेने संपवलं. आज तिथे कान्झेजी मंदिर आहे, आणि तिला पुरलं ती जागा 'कुरोझुका', काळी समाधी, म्हणून दाखवतात.

१३. नामाहागे म्हणजे हेच का?

नाही. ते उत्तरेला आकिता प्रांतात, ओगा द्वीपकल्पात. ३१ डिसेंबरच्या रात्री घरात शिरून आळशी मुलांना दम देणारे. त्यांना आवतण मिळतं, पाहुणचार होतो, हे साम्य आहे. पण तो विधी भिक्षूंचा नाही, गावच्या तरुणांचा आहे. तिथेही ओनींनी रचलेल्या ९९९ पायऱ्या आणि खोटा कोंबडा आहे, तेव्हा एका रात्रीची ही गोष्ट कुनिसाकीची खास मालमत्ता नव्हे.

१४. शुज्यो ओनिए १३०० वर्षं अखंड चालू आहे असं वाचलं. खरं?

७१८ ही मठस्थापनेची पारंपरिक तारीख आहे (प्रश्न ४). विधी त्या साली असाच होता असं त्यातून निघत नाही. शुज्यो-ए नारा काळापासून (आठवं शतक) मोठ्या मंदिरांत होता. मुखवट्यांचे ओनी त्यात नंतर आले. 'शेकडो वर्षांचा' म्हणा, कोणी हरकत घेणार नाही.

१५. हे मूळ भारतातून गेलं ना? आपल्या वेताळ-म्हसोबाशी काही नातं?

वेताळ-म्हसोबाशी ओनीचं नातं जोडायला आधार नाही. दिसण्यातल्या सारखेपणावर वंशावळ मांडता येत नाही. पण खरे धागे आहेत, आणि ते जास्त रंजक आहेत. फुदो म्हणजे अचल, दाइनिची म्हणजे वैरोचन, हे वर आलंच. मंदिरांतला 'गोमा' हा अग्निविधी म्हणजे होम, शब्दासकट. कुमानोच्या कड्यावर दाइनिचीच्या डोक्यावर बीजाक्षरांची मंडलं कोरलेली आहेत. ती सिद्धम् लिपीत, म्हणजे आपल्या देवनागरीच्याच ब्राह्मी कुळातल्या लिपीत आहेत. क्यूशूच्या रानात, शेवाळलेल्या दगडावर.

आणि दुष्टाला पाहुणा करून घेण्याची युक्ती पाहायची असेल तर महाराष्ट्राबाहेर जायला नको. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात हारिती आहे. मुलं पळवून खाणारी यक्षी. बुद्धाने तिचंच एक मूल लपवलं, तेव्हा तिला आयांचं दुःख कळलं. मग ती मुलांची रक्षक झाली आणि विहारात तिला रोजचा नैवेद्य मिळू लागला. लेण्यात ती पती पांचिकाशेजारी बसली आहे, मांडीवर मूल. जपानमध्ये हीच किशिमोजिन. प्रश्न ९ मध्ये म्हटलं तसं कुनिसाकीत 'सुधारलेला ओनी' सापडत नाही. सुधारलेली यक्षी हवी असेल तर ती ही.

१६. बघायला जायचं तर काय लक्षात ठेवावं?

ओइता विमानतळ द्वीपकल्पावरच आहे, पण आत बस तुरळक. गाडी हवी. विधीची तारीख चांद्र पंचांगावर असल्यामुळे दरवर्षी बदलते. त्यातही एखाद्या वर्षी होणार की नाही हे नगरपालिकेकडून आधी विचारून घ्या (प्रश्न १८). अंगावर जुने सुती किंवा लोकरीचे कपडे घाला. नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीने भोकं पडतात. इतर दिवशी गेलात तर तेन्नेनजीला लागूनच ओनिएचं छोटं संग्रहालय आहे. फुकिजीचं लाकडी सभागृह चुकवू नका, ते बाराव्या शतकातलं, क्यूशूतली सर्वांत जुनी लाकडी वास्तू आहे. फुतागोजीच्या जिन्याशी दगडी द्वारपाल आहेत. वाटेत शेताच्या बांधावर 'कुनिसाकी-तो' हे कमळाच्या बैठकीचे दगडी स्तूप दिसतील. असे सुमारे ५०० आहेत. इवातोजीतला १२८३ सालचा.

शाकाहारी असाल तर अळंबीच्या पदार्थांवर भरवसा ठेवण्याआधी रश्श्यात मासळी आहे का ते विचारा. बहुधा असते.

१७. मशालीचा मार लागतो का?

लागतो. आवाज जास्त, इजा कमी. लहान मुलं रडतात, आणि आजी-आजोबा त्यांना आणखी पुढे ढकलतात.

१८. गावं ओस पडत आहेत, मग ओनी कोण होणार?

ग्रामीण जपानचं दुखणं इथेही आहे: म्हातारी माणसं उरली, तरुण शहरात. या विधीला माणूसबळ फार लागतं. मशाली तोडून बांधायच्या, त्या वाहायच्या, ओनींना सावरायचं, शंभर जणांचं जेवण रांधायचं. भिक्षूही मोजकेच, म्हणून वेगवेगळ्या मंदिरांचे भिक्षू एकमेकांकडे जाऊन पठण आणि सोंग सांभाळतात. ६५ मंदिरांवरून तीनांवर येण्याचा प्रवास असाच झाला. बाहेरच्या तरुणांना मशाली वाहायला घेणं हा एक मार्ग आहे. पण जो ओनी ओळखीच्या घरी आपल्या पूर्वजांसमोर हात जोडतो, त्याच्या वाटेवरची घरंच बंद असली तर बाहेरून माणसं आणून काय साधणार, हा पेच राहतोच.

१९. ओनी पळाला, पण त्या शंभराव्या दगडाचं काय झालं?

हा प्रश्न लहान मुलांकडून येतो, आणि सर्वांत चांगला आहे. कथेप्रमाणे ओनी तो दगड घेऊन डोंगरातून धावत सुटला, पलीकडच्या सपाटीवर पोचला आणि दमून मेला. हातातून सुटलेला दगड आडवा झालाच नाही, उभाच राहिला. म्हणून त्या जागेचं नाव तातेइशि, 'उभा दगड'. आज ते कित्सुकी नगरपालिकेत येतं. निप्पो रेल्वेमार्गावर त्याच नावाचं छोटं स्टेशन आहे.